सही करण्याआधी : घटस्फोट, पोटगी आणि आपले कोर्ट

श्रीरामपूर तालुक्यात गटांच्या बैठका घेताना कर्जाच्या प्रश्नांइतकेच घरातले प्रश्नही आमच्यापर्यंत येतात. नवऱ्याने घराबाहेर काढले आहे, आता काय करायचे? स्टॅम्पवर लिहून दिले म्हणजे सुटलो का? वकिलाला पैसे कुठून आणायचे? असे सगळे प्रश्न एका वहीत लिहून आम्ही कोर्टात काम करणाऱ्या एका वकीलताईंकडे घेऊन गेलो. त्यांनी समजावून सांगितले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात त्या स्टॅम्प पेपरपासून करू. आपल्याकडे अजूनही चार माणसे बसतात, फारकतीचा कागद करतात, दोघांच्या सह्या घेतात आणि नोटरीचा शिक्का मारतात. असा कागद झाला की घरचे म्हणतात, मोकळी झालीस. पण हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे लग्न मोडते ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. काही समाजांत रूढीने फारकत चालत आली आहे आणि कायद्यात तिच्यासाठी अपवाद आहे. मात्र ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. ते जमले नाही तर पहिले लग्न कायम धरले जाते आणि दुसरे लग्न केलेली बाई अडचणीत येते.

या कागदात आणखी एक धोका असतो. ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत’ असे एक वाक्य त्यात बहुतेक वेळा असते. लग्न कायम असताना नवरा-बायको आपसांतल्या संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मिळत नाही, असे कायदा सांगतो. म्हणजे त्या कागदाने घटस्फोट मिळत नाही, पण पोटगीच्या अर्जात समोरचा वकील तोच कागद पुढे करतो. ‘मी कधीच पोटगी मागणार नाही’ असे लिहून घेतले असेल तर मात्र घाबरू नका. असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे. सही आधीच झाली असली तरी वकिलाला तो कागद दाखवा.

आता वकिलाच्या खर्चाचे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करायचा. शिवाय महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, घटस्फोट, मालमत्तेचा वाद आणि हिंसाचार या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वकील खासगी असो की समितीने दिलेला, वकीलपत्रावर आणि अर्जावर सही करण्याआधी मजकूर वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मैत्रिणीला सोबत न्या. प्रत्येक कागदाची प्रत आणि दिलेल्या पैशांची पावती मागा. वकील बदलण्याचा हक्कही तुम्हाला आहे.

बायका विचारतात, आपल्याकडे कौटुंबिक न्यायालय कुठे आहे? १९८४ च्या कायद्याने ही न्यायालये सुरू झाली, पण ती प्रत्येक तालुक्यात नाहीत. जिथे नाहीत तिथे घटस्फोटाचे दावे दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. आपला दावा कुठे दाखल होईल हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. २००३ च्या दुरुस्तीमुळे बायको स्वतः जिथे राहते तिथेही दावा लावू शकते. सासर पुण्याला आणि माहेर टाकळीभानला असेल, तर दर तारखेला पुण्याला जावे लागेल असे समजू नका. कौटुंबिक न्यायालयात वकील उभा करायला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, तो अर्ज वकीलच करतात.

घटस्फोटाचे दोन मार्ग आहेत. पहिला परस्परसंमतीचा. त्यासाठी दोघे किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनी दुसरा जबाब होतो. ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणात न्यायालय शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. एकरकमी पैसे, स्त्रीधन आणि मुलांचा ताबा या सगळ्या अटी अर्जातच लिहून घ्या. ठरलेली रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय किंवा डिमांड ड्राफ्ट हातात आल्याशिवाय शेवटचा जबाब देऊ नका, असे वकीलताईंनी दोनदा बजावले.

दुसरा मार्ग एकट्याने दावा लावण्याचा. क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षे टाकून देणे अशी कारणे कायद्यात दिली आहेत आणि ती सिद्ध करावी लागतात. दावा दाखल झाला की समोरच्याला समन्स जाते. तो लेखी कैफियत देतो. मग समुपदेशन किंवा मध्यस्थी, नंतर पुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद आणि शेवटी निकाल. समुपदेशनात तुम्हाला नांदायलाच पाठवतील अशी भीती असते. तिथे वेगळे होण्याच्या अटींवरही तडजोड होऊ शकते. आणि नवऱ्याने दावा लावला असेल तर समन्स परत पाठवू नका. तुम्ही गेला नाहीत तर निकाल एकतर्फी होतो. तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांचीच मुदत असते, म्हणून कळल्याबरोबर वकिलाकडे जा.

या साऱ्याला वेळ लागतो. तोवर खायचे काय? वकीलताईंनी सर्वांत जास्त भर इथेच दिला. पोटगीसाठी घटस्फोट व्हावा लागत नाही. पोटगीचा अर्ज वेगळा करता येतो आणि तो लगेच करावा. फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ कलम तुम्ही ऐकले असेल. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ कलम आले आहे. त्यात स्वतःचा खर्च न भागणारी बायको, मुले आणि आई-वडील पोटगी मागू शकतात. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत व्हावा, असे कायदा म्हणतो. घरात मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, राहण्याची जागा आणि खर्च असे तिन्ही मागता येते.

आपल्याच जिल्ह्यातले एक प्रकरण ऐका. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथल्या देवगडच्या मंदिरात २००५ साली एका बाईचे लग्न झाले. काही महिन्यांतच कळले की नवऱ्याची पहिली बायको आहे. बाईने पोटगी मागितली. नवरा म्हणाला, माझे पहिले लग्न कायम आहे, तेव्हा ही माझी कायदेशीर बायकोच नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांनी तिला महिना १,००० आणि मुलीला ५०० रुपये मंजूर केले. तेवढ्यासाठी नवरा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यायमूर्ती रंजना देसाई आणि ए. के. सिक्री यांनी त्याचे म्हणणे फेटाळले. पहिले लग्न लपवून फसवणाऱ्याला स्वतःच्याच चुकीचा फायदा घेता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. ‘तुझे लग्न खरेच नाही’ असे कुणी ऐकवले तर हा निकाल वकिलाला विचारा.

दुसरा निकाल नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या प्रकरणातला आहे. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता व कर्ज प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचे. म्हणून पुरावे गोळा करा. लग्नपत्रिका, फोटो, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या आणि दवाखान्याच्या पावत्या. नवऱ्याचा सातबारा, आठ-अ, उसाचे बिल, दुधाचे बिल, पगाराची चिठ्ठी यातले मिळेल ते.

गटातल्या बायकांची शंका असते, मी शिलाई करते, शेळ्या पाळते, मग पोटगी कशी मिळेल? बाई कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. त्या कमाईत तिचे नीट भागते का, हे न्यायालय पाहते. त्यामुळे कमाई लपवू नका, खरी लिहा. गटाचे कर्ज आणि त्याचा हप्ताही लिहा. लपवलेले उघडे पडले तर बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

पोटगी मंजूर झाली आणि नवऱ्याने दिली नाही, तर वसुलीचा अर्ज करावा लागतो. १४४ कलमाखालची थकबाकी देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत मागा. देईल आज ना उद्या म्हणत थांबलात तर जुने महिने हातचे जातात.

हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख भगिनींनाही लागू आहे. ख्रिस्ती भगिनींसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आहे. मुस्लिम भगिनींना १९३९ च्या कायद्याने न्यायालयातून विवाह संपवता येतो आणि एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ पासून गुन्हा आहे. पोटगीचे कलम मात्र सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही ते लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले.

हुकूमनामा झाला की त्याची प्रमाणित प्रत घेऊन ठेवा. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत ९० दिवस आहे. ती संपेपर्यंत, किंवा अपील झाले असल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत दुसरे लग्न करू नका.

नांदायचे की वेगळे व्हायचे, हा निर्णय त्या बाईचा. गट म्हणून आपण एवढे करू शकतो : तारखेला तिच्यासोबत एकीने जायचे, तिच्या कागदांची पिशवी नीट ठेवायला मदत करायची आणि गावात तिच्याबद्दल बोलणे निघाले तर तिथेच थांबवायचे. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, महिला मदतीसाठी १८१ आणि जिवाला धोका असेल तर ११२ हे क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.