पाण्याच्या वाटेवरचा दिवस

पहाटेचे 4. मे महिना आहे, तेंदूपत्त्याचा हंगाम. तिरोडा तालुक्यातल्या आमच्या गावात या वेळी घराघरांत चूल पेटलेली असते. शिदोरी बांधून माणसं जंगलाच्या कडेला निघतात. 70 पानांचा एक पुडा, आणि दिवस कलता कलता फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा. मी नागझिऱ्यात गाईड आहे, त्यामुळे घरचे एका वाटेने जातात आणि मी चोरखमारा गेटच्या वाटेने. निघण्याआधी वहिनीला एवढंच सांगतो, "नाल्याकडे एकटी जाऊ नको, काल तिथे अस्वलाचा माग होता."

5 वाजता गेटवर. आजचे पाहुणे पुण्याचे, रात्रीच्या गाडीने तिरोडा स्टेशनवर उतरलेले. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, वाघ कुठे दिसेल?" मी त्यांना पाणी कुठे आहे ते सांगतो. नागझिरा 1970 साली अभयारण्य झालं, 2013 च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. पण झिरा या नावात पहिल्यापासून आहे. पावसाळ्यात जागोजागी पाणी, म्हणून जनावर विखुरलेलं असतं. आता पानगळीने रान मोकळं झालंय, नाले आटलेत. उरलेत ते तलाव, मोजके झिरे आणि वनखात्याने भरलेले पाणवठे. उन्हाळ्यातल्या सफारीचा बेत आखायचा तो एवढ्यावरच.

साडेसहाला जिप्सी एका पाणवठ्यापासून बरीच मागे थांबवतो आणि इंजिन बंद करायला लावतो. आधी फक्त मधमाश्यांचा आवाज येतो. ओल्या कडेवर त्या थव्याने बसलेल्या असतात. मग चितळं येतात. पुढची मादी दोन पावलं टाकते, थांबते, पुढचा पाय आपटते, परत मागे जाते. पाण्याला तोंड लावायला तिला दहा मिनिटं लागतात आणि पिणं मिनिटभराचं. पाहुणे कंटाळून घड्याळ बघतात. मला मात्र हा पाच-दहा मिनिटांचा धीर वाघ दिसण्याइतकाच मोलाचा वाटतो. एवढ्यात झाडावरचं वानर खोकतं आणि चितळं उधळतात.

वाघीण आली ती सावलीतून, घाईने नव्हे. पाण्याशी येऊन वळली आणि उलटी, मागच्या पायांनी पाण्यात उतरली. वाघ बहुधा असाच बसतो: कंबरेपर्यंत पाण्यात, तोंड रानाकडे. ती गेल्यावर वाटेवर थेंबांची रांग उरली. मेच्या उन्हात असे थेंब बघता बघता सुकतात, म्हणून ओला थेंब दिसला की जनावर अगदी जवळ आहे असं समजायचं.

काही वर्षांपूर्वी माझ्याच गाडीतल्या पाहुण्यांनी आग्रह धरला, "अजून थोडं पुढे घ्या." मी नाही म्हणायला हवं होतं. गाडी वाघीण आणि पाणी यांच्या मधोमध गेली. ती थांबली, बघत राहिली आणि पाणी न पिता रानात शिरली. तो दिवस मी विसरलेलो नाही.

10 च्या आसपास बाहेर. दुपारी पारा 44-45 वर जातो. कांदा-भाकर, ताक आणि सावली.

1 वाजता गोंदियाच्या एका जुन्या पाहुण्यांचा फोन. केनिया-टांझानियाला जायचं म्हणतात. "भाऊ, महिना कोणता धरू?" मी आफ्रिका पाहिलेली नाही, पण तिथून येणाऱ्यांकडून खूप ऐकलंय आणि वाचलंय. तिथला कोरडा हंगाम जून ते ऑक्टोबर; म्हणजे जुलैत आमचं जंगल पावसासाठी बंद होतं तेव्हा त्यांचं रान खुलं झालेलं असतं. तरी महिन्याआधी नदी विचारा, असं मी सांगितलं. तारांगिरेत कोरड्या दिवसांत हत्तींचे कळप नदीवर गोळा होतात, मसाई मारात मारा नदीवर रानम्हशीसारख्या विल्डबीस्टचे. आणि पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या, दाखला जवळ ठेवा. एकाच दिवसात सगळं उरकू नका. इथे चार फेऱ्या सांगतो, तिथेही मुक्काम वाढवा.

3 नंतर पुन्हा आत. या फेरीत वाघ नाही. नागझिरा तलावाच्या काठावर सात रानकुत्री पोटापर्यंत पाण्यात बसलेली, पलीकडे गव्यांचा कळप. पाहुण्यांतली लहान मुलगी हळूच म्हणाली, "आई, ते आपल्यासारखेच गरमले ना?" परतताना तिने वाघाचं नावही काढलं नाही.

अंधारून येताना गेटबाहेर. घरी फळीचा हिशोब चाललेला, वहिनी सुखरूप. 9 ला झोपतो.

मेमध्ये या, जरूर या. पाणवठ्यावर मात्र गाडी लांब थांबवायला सांगा, इंजिन बंद करायला लावा. गाईड नको म्हणाला, तर त्याचं ऐका.