तोट्याच्या चित्रपटातील खरा तोटा

सर्वांत वाईट चित्रपट कोणता, या प्रश्नाचे उत्तर हॉलिवूडमध्ये दीर्घकाळ ‘हेवन्स गेट’ असेच दिले जाई. ‘द डियर हंटर’साठी ऑस्कर मिळविलेल्या मायकेल चिमिनो यांचा हा चित्रपट नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाला. समीक्षकांनी एवढे झोडपले, की आठवड्याभरात तो मागे घ्यावा लागला. सुमारे १ कोटी १६ लाख डॉलरचे अंदाजपत्रक ४ कोटी ४० लाखांवर गेले होते. अमेरिकेतील वसुली मात्र जेमतेम ३५ लाखांची. चार्ली चॅप्लिन आदींनी १९१९ मध्ये स्थापिलेली ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही निर्मितीसंस्था पुढच्याच वर्षी विकली गेली.

काळाने हा निकाल काही अंशी फिरविला. २०१२ मध्ये व्हेनिस महोत्सवात चित्रपटाच्या नूतनीकृत प्रतीचे स्वागत झाले. पैशाचा तोटा विस्मृतीत गेला, कलेचे मूल्य नव्याने ठरले.

एक खाते मात्र मिटले नाही. चित्रीकरणासाठी कोंबड्यांच्या खऱ्या झुंजी लावल्या गेल्या, स्फोटाच्या दृश्यात घोड्याचा बळी गेला, असे आरोप ‘अमेरिकन ह्यूमेन असोसिएशन’ने केले. या प्रकरणानंतरच अमेरिकी चित्रीकरणात प्राण्यांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार त्या संस्थेला मिळाला.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या कुटुंबांनी चित्रपट निवडताना कथा आणि अभिनय यांबरोबरच, त्या दृश्यासाठी कोणा मुक्या जिवाला यातना झाल्या काय, हेही मुलांना विचारावयास शिकवावे. समीक्षकांचे मत कालांतराने बदलते. गेलेला जीव परत येत नाही.