आरंभशूरांचे आरोग्य

नववर्षाच्या प्रारंभी पहाटे मैदानांवर दिसणारी गर्दी फेब्रुवारी उजाडेपर्यंत ओसरते, हा अनुभव सर्वपरिचित आहे. आरंभशूरता हा आपला जुनाच दुर्गुण म्हणून आपण त्यावर हसतो. परंतु हसून सोडून द्यावे, असा हा विषय आता राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोक मधुमेही असून आणखी 13 कोटी 60 लाख त्या रोगाच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरून अनेकांना मागे फिरता येते. मात्र त्यासाठी चार दिवसांचा पराक्रम उपयोगाचा नाही.

मग संकल्प मोडतात का? इच्छाशक्ती दुबळी असते, हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. बहुतेकदा दोष संकल्पाच्या रचनेतच असतो. पहाटे पाचला उठणे, तासभर व्यायाम, साखर पूर्ण वर्ज्य, असे सर्वांगपरिपूर्ण वेळापत्रक आखले जाते. उत्तरपत्रिका, मार्चअखेरचे हिशेब, घरातील लग्नकार्य यांपैकी काही ना काही आडवे येतेच. एक दिवस चुकतो आणि नियम मोडलाच आहे, तर आता पाळायचा कशाला, या न्यायाने उरलेले दिवसही सोडून दिले जातात.

वस्तुतः एका दिवसाने फारसे बिघडत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 96 स्वयंसेवकांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडण्यास कोणाला 18 दिवस पुरतील, तर कोणाला 254 लागतील, असे त्यात आढळले. मध्यमान होते 66. एखादी खेप चुकल्याने या क्रियेत लक्षणीय बाधा येत नाही, हा त्यातील निष्कर्ष अधिक महत्त्वाचा.

परिपूर्णतेचे मापदंडही पुष्कळदा तपासून घ्यावे लागतात. रोज दहा हजार पावलांचा दंडक 1965 मध्ये जपानात विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या 2019 मधील अभ्यासात सुमारे 4,400 पावलांपासूनच मृत्युदर घटलेला दिसला आणि 7,500 च्या आसपास ती घट स्थिरावली. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सलग दहा मिनिटे हालचालीची अटही काढून टाकली. म्हणजे बसथांब्यापर्यंतची चालही हिशेबात धरली जाते.

हिशेबच मांडायचा तर जानेवारीभर रोज एक तास चालणाऱ्याची पुंजी 1,860 मिनिटांची होते. वर्षातील 65 दिवस चुकवून उरलेल्या दिवशी केवळ वीस मिनिटे चालणाऱ्याची 6,000 मिनिटांची. 1978 चे नोबेल पारितोषिक मिळविणारे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी दाखविले होते की, मर्यादित वेळ आणि माहिती असलेला मनुष्य सर्वोत्तमाच्या शोधात न राहता पुरेसे चांगले ते निवडतो. येथे तो शहाणपणाचाच मार्ग ठरतो.

ही शैथिल्याला दिलेली मुभा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त नाही. कमाल मर्यादा सैल करताना किमान मर्यादा मात्र पक्की करावी लागते. परीक्षांच्या धामधुमीतही दहा मिनिटे चालायचेच आणि आज चुकले तर उद्या चुकवायचे नाही, एवढा तरी नियम हवा. आवर्ती ठेवीचा एखादा हप्ता चुकला म्हणून कोणताही सुज्ञ कारकून खाते बंद करीत नाही. देहाच्या खात्याला तोच व्यवहार लावण्यास हरकत नसावी.