वाऱ्याचा वेग नुसत्या आकड्यात मावत नाही

पावसाळ्यात मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकाला नियंत्रण मनोऱ्यातून वाऱ्याची माहिती दिली जाते. समजा, 'वारा २४० अंश, २० नॉट' असे त्याला कळविण्यात आले. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजेच वारा ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने वाहत आहे. मात्र यातील पहिला आकडा गाळला, तर उरलेल्या माहितीवर विमान कसे उतरवायचे हे ठरविता येणार नाही. भौतिकशास्त्रातील सदिश आणि अदिश राशींमधील भेद तो हाच.

वस्तुमान, तापमान, काळ, ऊर्जा या राशी एक संख्या आणि एकक सांगितले की पूर्ण होतात. त्या अदिश राशी होत. विस्थापन, वेग, त्वरण, बल या राशींना परिमाणाबरोबर दिशाही लागते. त्या सदिश राशी होत. तापमान उणे ५ अंश असले, तरी ते उणे चिन्ह दिशा दाखवीत नाही. तापमान शून्याच्या खाली आहे एवढेच सांगते.

दोन प्रकारांतील खरा फरक बेरजेत दिसतो. तीन किलो आणि चार किलो तांदूळ मिळून नेहमी सातच किलो होतात. पण कोणी तीन किलोमीटर पूर्वेला आणि नंतर चार किलोमीटर उत्तरेला गेले, तर ते मूळ जागेपासून पाच किलोमीटरवर असते. दोन्ही वाटचाली एकाच दिशेने झाल्या तर हे अंतर सात, विरुद्ध दिशांनी झाल्या तर एक. सदिशांची ही बेरीज समांतरभुज चौकोनाच्या नियमाने होते. नुसती दिशा असणेही पुरेसे नाही. तारेतील विद्युतप्रवाहाला दिशा असते; पण जिथे तारा एकत्र मिळतात, तिथे त्यांच्यातील कोन कितीही असला तरी प्रवाहांची बेरीज साधीच होते. म्हणून विद्युतप्रवाह अदिश मानला जातो.

आता पुन्हा विमानाकडे वळू. वाऱ्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजतात आणि तो कोठून येतो ते सांगतात. मुंबईला एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. धावपट्टीचा क्रमांक तिच्या दिशेच्या अंशांवरून ठरतो: '२७' म्हणजे अंदाजे २७० अंश, पश्चिमेकडे, '३२' म्हणजे अंदाजे ३२० अंश, वायव्येकडे. २४० अंशांवरून येणारा वारा पहिल्या धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करतो. त्याचे दोन घटक पाडले, तर समोरून येणारा घटक सुमारे १७ नॉट आणि विमानाला बाजूला ढकलणारा आडवा घटक १० नॉट भरतो. दुसऱ्या धावपट्टीशी हाच कोन ८० अंशांचा होतो. तिथे आडवा घटक जवळजवळ २० नॉट, तर समोरचा जेमतेम साडेतीन. वारा तोच, पण एका ठिकाणी तो मदत करतो आणि दुसऱ्या ठिकाणी विमानाला मार्गावरून ढळवू पाहतो. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा ठरलेली असते आणि ती या घटकाशीच ताडून पाहतात.

समोरच्या वाऱ्याचे महत्त्वही याच हिशेबातून उलगडते. हवेच्या सापेक्ष १४० नॉट वेगाने उतरणाऱ्या विमानासमोर १७ नॉटचा वारा असेल, तर जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग १२३ नॉट राहतो. तेवढाच वारा पाठीमागून आला, तर तो १५७ नॉट होतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने दुसऱ्या वेळी विमान थांबविण्यासाठी सुमारे १.६ पट ऊर्जा शोषून घ्यावी लागते. ओल्या धावपट्टीवर हा फरक धोक्याचा ठरू शकतो. म्हणूनच विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरवितात.

विशेष म्हणजे, ही ऊर्जा मात्र अदिश आहे. विमान पूर्वेकडे धावते आहे की पश्चिमेकडे, याच्याशी ब्रेकना कर्तव्य नसते. त्यांच्या वाट्याला किती ऊर्जा येते एवढेच महत्त्वाचे. पण ते 'किती' ठरते वारा कोणत्या दिशेने वाहत होता यावरून.