हिरड्यांची साक्ष

दातांवर आपल्या भाषेचे भारी प्रेम. आपण दात विचकतो, रागाने दातओठ खातो, शरण जाताना दाती तृण धरतो आणि चणे मिळाले तेव्हा दात उरले नाहीत म्हणून हळहळतो. बिचाऱ्या हिरड्यांच्या वाट्याला मात्र एखादी म्हण आल्याचे मला आठवत नाही. ही उपेक्षा बरी नव्हे, हे मला चार वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्यामुळे उमगले.

तीन-चार आठवड्यांतच त्याच्या हिरड्या फुगून दातांवर चढू लागल्या. ब्रश लावताच रक्त येई. दाढही ठणकत होती. ती काढून घ्यावी म्हणून तो दंतवैद्यांकडे गेला. त्यांनी दाढेला हात लावला नाही. दातांवर कीटण फारसे नाही, मग हिरड्या एवढ्या का सुजाव्यात? त्यांनी ताप, थकवा यांची चौकशी केली, दंडावरचे काळेनिळे डाग पाहिले आणि त्याच दिवशी त्याला रक्त तपासायला धाडले. पुढे अस्थिमज्जेच्या तपासणीत ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, नक्की झाला. दीर्घ उपचारांनंतर तो मुलगा आज नोकरी करतो आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. डॉक्टरांना विचारून जे कळले ते सांगतो. रक्तातल्या पेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतात. ल्युकेमियात तेथे रोगट पांढऱ्या पेशींची बेसुमार गर्दी होते. १८४७ साली जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखो यांनी ग्रीक शब्द जोडून 'पांढरे रक्त' अशा अर्थाचे हे नाव दिले. या गर्दीत चांगल्या पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की हिरड्या फिक्या पडतात. प्लेटलेट घटल्या की रक्त झिरपते, टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी कमी पडल्या की तोंडातले व्रण भरत नाहीत. काही प्रकारांत तर रोगट पेशी हिरड्यांतच ठाण मांडतात. तोंडात रोजचे चावणे, घासणे आणि जंतूंचा कायमचा मुक्काम. म्हणून रक्तातली उणीव तेथे लवकर उघडी पडते.

अशा वेळी दाढ उपटली तर रक्त थांबता थांबत नाही, जखमेत जंतू शिरून जिवावर बेतू शकते. म्हणून आधी 'सी.बी.सी.' ही रक्ताची साधी तपासणी हवी. रोगाचे अंतिम निदान रक्तविकारतज्ज्ञाचे. पण योग्य वेळी शंका घेणे हे दंतवैद्याचे काम.

आणि वेळेला येथे मोल आहे. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनॉप्टेरिनने मुलांमधला ल्युकेमिया तात्पुरता हटविता येतो, हे दाखविले. ते औषध तयार करणाऱ्या संशोधकांचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज चांगल्या उपचारांनी बहुतेक मुले बरी होऊ शकतात.

वाचकहो, घाबरू नका. हिरड्यांतून येणारे रक्त बहुधा कीटणामुळेच येते आणि दात साफ करून घेतल्यावर थांबते. पण ते थांबले नाही, सूज भराभर वाढली, जोडीला ताप, थकवा किंवा अंगावर डाग असतील, तर दंतवैद्यांना आपण होऊन सांगा. दातांच्या डॉक्टरांना तापाचे काय सांगायचे, हा संकोच नको. अभ्यंगस्नान आटोपून आरशासमोर उभे राहाल, तेव्हा दातांबरोबर हिरड्यांकडेही एकवार पाहा.