बोलक्या पुस्तकांतील वाटखुणा

ग्रंथ हातीं घेतल्यावर आपण तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचीत जातों, असें नाहीं. अनुक्रमणिका पाहतों, हवें तें प्रकरण उघडतों, चार पानें मागें जातों. हें काम डोळा व अंगठा इतक्या सहजतेनें करितात कीं, त्याचें महत्त्व आपणांस जाणवत नाहीं. दृष्टिहीन वाचकांची मात्र येथेंच अडचण होते. ३०० पानांचा ग्रंथ मोठ्यानें वाचून मुद्रित केला, तर तो दहा तासांच्या आसपास भरतो. वर्गांत शिक्षकांनीं "पान १२४ काढा" म्हटलें, तर त्या दहा तासांतून तें पान विद्यार्थ्यानें काढावें कसें?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. ऋग्वेद शतकानुशतकें मुखानेंच चालत आला. तरीहि त्याची मंडल, सूक्त व ऋचा अशी वांटणी होती, आणि कात्यायनाच्या सर्वानुक्रमणींत प्रत्येक सूक्ताच्या आरंभींचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषि, देवता व छंद यांची नोंद आहे. कानानें ऐकावयाच्या ग्रंथासहि अनुक्रमणी लागते, हेंच तत्त्व डेझी नांवाच्या पद्धतीनें यंत्रांत आणिलें. १९९६ सालीं स्थापन झालेल्या डेझी संघानें ती वाढविली. तिचा बहुप्रचलित २.०२ हा आराखडा २००१ सालचा आहे. त्यांत मथळ्यांच्या सहा पायऱ्या व पृष्ठांक यांच्या खुणा ठेवितां येतात, आणि वाचक एक कळ दाबून एका खुणेवरून दुसरीवर जातो.

खूण म्हणजे काय, हें समजल्यावांचून तिचा दोष समजत नाहीं. ती आवाजांत कोरलेली नसते. अमुक ध्वनिफायलींतील अमुक सेकंदापासून अमुक सेकंदापर्यंत, एवढी ती नोंद असते. संपादन करतांना आवाज व नोंद यांची फारकत झाली, कीं पुस्तक वरून धडधाकट दिसतें, पण वाचकाची वाट चुकवितें. म्हणून संपादकानें वैद्याप्रमाणें आधीं लक्षण पाहावें, मग औषध योजावें, असें आम्हांस वाटतें.

एका स्थळापासून पुढच्या सर्व खुणा सारख्याच अंतरानें चुकत असतील, तर खुणा घातल्यावर कोणीतरी दुसऱ्याच साधनांत ध्वनिफायलीस कात्री लाविली, असें जाणावें. चार सेकंदांचा खोकला काढला, कीं त्या फायलींतील पुढची प्रत्येक खूण चार सेकंदांनीं चुकते. अशा वेळीं मूळ फाईल परत ठेवावी, आणि खोकला ओबीसारख्या डेझीच्या संपादन-साधनांतच काढावा; तेथें आवाजाबरोबर नोंदहि हलते.

एखाद्याच मथळ्याचा पहिला शब्द तुटका ऐकूं आला, तर दोष खंड पाडण्यांत आहे. साधन शांततेचे विराम ओळखून आवाजाचे खंड पाडतें. शांततेची मर्यादा फार वर ठेविली, तर हलके उच्चारलेलीं अक्षरें शांततेंत जमा होतात. फार खालीं ठेविली व खोलींत पंखा फिरत असला, तर विराम सांपडतच नाहीं आणि अख्खें प्रकरण एकच खंड होऊन बसतें. पृष्ठखूण खंडाच्या आरंभींच बसते. म्हणून आधीं तो खंड योग्य विरामावर तोडावा, मग खूण घालावी.

एखादें प्रकरण वगळून उडी पुढें पडत असेल, तर मथळ्यांच्या पायऱ्या तपासाव्या. प्रकरणाचा मथळा चुकून दुसऱ्या पायरीवर गेला, तर तें प्रकरण मागल्या प्रकरणाच्या पोटांत लपतें. तसेंच एकच पृष्ठांक दोनदां आला आहे काय, प्रस्तावनेचीं पानें मुख्य पानांत मिसळलीं आहेत काय, हेंहि पाहावें.

रचनेंतील दोष दाखविणारीं तपासणी-साधनें आहेत, व तीं अवश्य चालवावीं. परंतु खूण व्याकरणानें शुद्ध असली, तरी तेथें पान ५० ऐवजीं ५१ वाचलें जात आहे, हें यंत्र सांगणार नाहीं. म्हणून शेवटीं डोळे मिटून केवळ कळांच्या साहाय्यानें पुस्तकांत हिंडावें.

२०१२ सालच्या दुरुस्तीनें आपल्या प्रताधिकार कायद्यानें अशा प्रती तयार करण्यास मोकळीक दिली. २०१४ सालीं माराकेश करारास मान्यता देणारा पहिला देश भारतच ठरला. २०१६ सालीं सुगम्य पुस्तकालय निघालें. म्हणजे ग्रंथ मिळण्याची वाट बरीच मोकळी झाली. परंतु ग्रंथ मिळणें व त्यांत आपल्या इच्छेनें फिरतां येणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसरी कायद्यानें मिळत नाहीं. ती खुणा तपासणाऱ्याच्या कानांवर अवलंबून असते. सुशिक्षित घरांतून ग्रंथवाचनासाठीं आवाज देण्यास पुष्कळ जण पुढें येतात. त्यांपैकीं कांहींनीं हें मागचें काम पत्करावें, अशी आमची विनंती आहे.