जर्मन मजकुरातली प्रेपोझिशन: इंग्रजीतून नको, मराठीतून समजून घ्या



इंडॉलॉजी, रसायनशास्त्र, तत्त्वज्ञान, विषय कुठलाही असो, संशोधनाच्या वाटेवर कधी ना कधी जर्मन मजकूर समोर येतोच. मोठ्या शब्दांचे अर्थ शब्दकोशात मिळतात. खरी गडबड होते ती इन, आउफ, मिट, फॉन अशा छोट्या शब्दांपाशी. हे शब्द आपण इंग्रजीच्या आधाराने शिकायला जातो आणि अडकतो. मराठीचा आधार घेतला तर अर्धं काम सोपं होतं. कसं, ते बघू.

सामान्यरूप आठवा

मराठीत आपण 'रस्तावर' म्हणत नाही, 'रस्त्यावर' म्हणतो. 'वर' हे शब्दयोगी अव्यय लागलं की नामाचं रूप बदलतं. जर्मनमध्येही प्रेपोझिशन आली की रूप बदलतं, फक्त बदल बहुतेक वेळा नामात न दिसता त्याच्या आर्टिकलमध्ये दिसतो. 'डेर बाउम' म्हणजे झाड. 'उंटर डेम बाउम' म्हणजे झाडाखाली. 'झाड'चं 'झाडा' झालं, तसं 'डेर'चं 'डेम' झालं.

कोणत्या प्रेपोझिशनला कोणती विभक्ती लागते, हे मात्र पाठच करावं लागतं:

- कायम अक्युझाटिव्ह: डुर्श, फ्युअर, गेगन, ओने, उम
- कायम डाटिव्ह: आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू
- दोन्ही, अर्थानुसार: आन, आउफ, हिंटर, इन, नेबन, युबर, उंटर, फोर, त्स्विशन

जिथे मराठी फसवते

तिसऱ्या गटात सांभाळा. 'लायब्ररीत बसलो' आणि 'लायब्ररीत गेलो', दोन्हीकडे आपला 'त' एकच. जर्मनमध्ये बसलो तर डाटिव्ह, गेलो तर अक्युझाटिव्ह.

पण 'हालचाल असली की अक्युझाटिव्ह' हा नियम अपुरा आहे. अंबाझरीच्या बागेत कोणी आतल्या आत धावत असेल, तर हालचाल भरपूर आहे, तरी डाटिव्हच येईल. बाहेरून बागेत शिरला तरच अक्युझाटिव्ह. म्हणून प्रश्न असा विचारा: क्रियेमुळे जागा बदलली का?

प्रयोगाच्या वर्णनात हा फरक महागात पडू शकतो:

- डी एलेक्ट्रोडे विर्ट इन डेर ल्योझुंग बेवेग्ट: इलेक्ट्रोड द्रावणातच हलवत राहतात.
- डी एलेक्ट्रोडे विर्ट इन डी ल्योझुंग बेवेग्ट: इलेक्ट्रोड बाहेरून द्रावणात नेतात.

एका आर्टिकलने प्रयोगाची कृती बदलली! आणि इथे 'डेर' पाहून 'ल्योझुंग' पुल्लिंगी समजू नका. शब्द स्त्रीलिंगीच आहे, हा 'डेर' डाटिव्हचा आहे.

जिथे मराठी जिंकते

आता हे बघा: 'इन डेन इन नागपूर गेझामेल्टन डाटन'. दोन 'इन' बघून इंग्रजीची सवय असलेला माणूस गोंधळतो. मराठीत सरळ आहे: 'नागपुरात गोळा केलेल्या आकडेवारीत'. आतला 'इन' नागपूरचा, बाहेरचा 'इन' आकडेवारीचा. नामाच्या आधी असं लांबलचक विशेषण लावायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे.

वाचताना पेन्सिल घ्या. प्रेपोझिशन दिसली की कंस उघडा आणि तिचं नाम आलं की बंद करा. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, त्यामुळे नाम लगेच सापडतं. मध्ये दुसरी प्रेपोझिशन आली तर आत दुसरा कंस. 'इम' म्हणजे 'इन डेम' आणि 'इन्स' म्हणजे 'इन डास', हेही लक्षात असू द्या.

क्रियापदासोबतची जोडी

काही क्रियापदांचा अर्थच प्रेपोझिशन ठरवते. 'बेश्टेयन' घ्या. 'आउस' सोबत आलं तर 'कशाचं तरी बनलेलं असणं', 'आउफ' सोबत 'आग्रह धरणं', 'इन' सोबत 'अमुक गोष्टीत असणं' (अडचण यात आहे की...). एकटं आलं तर परीक्षा पास होणंसुद्धा! म्हणून वहीत क्रियापद एकटं लिहू नका, प्रेपोझिशन आणि विभक्तीसकट लिहा.

सरावासाठी

गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्यावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला, तो १९७६ साली आला. त्याच्या उपशीर्षकाचा शेवट असा आहे: '...फॉन पास्टोरालन गॉटहाइटन इन महाराष्ट्र'. 'गॉटहाइटन' म्हणजे देवता, अनेकवचन. यात कंस घाला. 'पास्टोराल'ला शेवटी 'न' कुणामुळे आला आणि 'इन महाराष्ट्र' कोणत्या नामाला चिकटतं, ते शोधा. उत्तर कमेंटमध्ये लिहा, पण आधी मराठीत म्हणून बघा. उत्तर तिथेच सापडेल.